तबकड्यांचे युद्ध आणि शासनाची स्मरणशक्ती

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनी या जपानी कंपनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. चित्रपट भरलेल्या तयार तबकड्या अजून निघतात. पण घरी अथवा कचेरीत आपला मजकूर ज्यांवर साठवून ठेवावा, त्या तबकड्या या कंपनीकडून यापुढे मिळणार नाहीत. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. ज्या देशात ब्लू-रे मोजक्याच घरांत पोहोचली, तेथे तिच्या जाण्याचे सुतक कोण पाळणार? तरीही राज्यकारभाराचा विचार करणाऱ्यांनी ती बातमी लक्षपूर्वक वाचावी, असे मला वाटते. कारण आज मावळू लागलेली ही तबकडी एके काळची विजेती आहे. २००८ मध्ये तिने प्रतिस्पर्धी तबकडीला चारी मुंड्या चीत करून बाजार जिंकला होता. विजेत्याचेच आयुष्य जर इतके अल्प असेल, तर ‘कोणती तबकडी घ्यावी’ हा ग्राहकाचा प्रश्न आणि ‘कशावर साठवावे’ हा शासनाचा प्रश्न, या दोहोंचा नव्याने विचार करणे भाग आहे.

२००६ ते २००८ या काळात घरबसल्या सुस्पष्ट चित्रपट पाहण्यासाठी दोन तबकड्या बाजारात समोरासमोर उभ्या होत्या. एकीकडे सोनी आणि तिच्या सहकारी कंपन्यांची ब्लू-रे, दुसरीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी. दोन्हींचा व्यास बारा सेंटिमीटर. दोन्ही वाचण्यासाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा तोच निळसर-जांभळा लेसर. फरक होता तो नोंदीचा थर तबकडीत किती खोल ठेवायचा यात. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागाखाली केवळ ०.१ मिलिमीटरवर असे, आणि एका थरात २५ गिगाबाइट मावत. एचडी डीव्हीडीत तो जुन्या डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर असे. एका थरात १५ गिगाबाइटच मावत, पण डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांतच थोड्या फेरफारांनिशी ती तयार करता येई. एक अधिक साठवणारी, दुसरी स्वस्तात बनणारी. पडद्यावरचे चित्र पाहून सामान्य प्रेक्षकाला दोन्हींतला भेद सांगता येणे कठीण होते. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात मात्र चालत नसे.

निकालाशी चित्राच्या गुणवत्तेचा संबंध अगदी थोडा होता. सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये आणलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रातच ब्लू-रे वाचण्याची सोय दिली, आणि खेळासाठी यंत्र घेणाऱ्या लाखो घरांत ब्लू-रे आपसूक शिरली. चित्रपट कंपन्या दोन छावण्यांत विभागल्या गेल्या होत्या. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रेचीच कास धरण्याचे जाहीर केले. फेब्रुवारीच्या मध्यास वॉलमार्ट या बलाढ्य अमेरिकी विक्रेत्यानेही तोच मार्ग पत्करला, आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. पुढच्याच वर्षी तोशिबाने ब्लू-रेच्या संघटनेचे सभासदत्व मागितले. हरलेली कंपनी दीड वर्षात सावरली आणि प्रतिस्पर्ध्याच्या पंगतीला जाऊन बसली. ज्यांच्या कपाटात एचडी डीव्हीडीचे यंत्र आणि तबकड्या होत्या, त्यांना असा पक्षबदल करता आला नाही. फॉरमॅटच्या लढाईत अखेरचा भुर्दंड वस्तू जपून ठेवणाऱ्यावर पडतो, हे या प्रकरणातून घ्यावयाचे पहिले सूत्र.

ही लढाई टाळता आली असती का? तशी ती टळल्याचे उदाहरण त्याआधीचेच आहे. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या जन्मापूर्वीही दोन गट होते. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि वॉर्नर. सत्तरच्या दशकापासून बीटामॅक्स आणि व्हीएचएस या कॅसेटींनी घातलेला गोंधळ सर्वांच्या स्मरणात होता. त्या वेळी आयबीएमच्या पुढाकाराने संगणक कंपन्यांनी दोन्ही गटांना बजावले, की आम्हांला एकच तबकडी हवी. मोठा ग्राहक ठाम राहिला, म्हणून तडजोड झाली आणि जगाला एकच डीव्हीडी मिळाली. दहा वर्षांनंतर असा ग्राहक मध्ये उभा राहिला नाही. मोठा ग्राहक विक्रेत्यांना अटी घालू शकतो, हे दुसरे सूत्र. भारतात असा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे केंद्र आणि राज्यांची सरकारे.

सामान्य भारतीय कुटुंबाने हा प्रश्न आपल्या परीने कसा सोडवला, हे मी दिल्लीच्या सरोजिनी नगरात पाहिले आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या विनय नगरचा हा भाग पुढे सरोजिनी नायडूंच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नोकरीच्या आरंभीची काही वर्षे मी तेथील दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले होते. त्यासाठी सरकारने पाल ही एकच प्रक्षेपण पद्धत स्वीकारल्यामुळे कोणत्याही कंपनीचा संच घेतला तरी चित्र दिसे. व्हीसीआरच्या बाबतीत असा निर्णय कोणी घेतलेला नव्हता. शनिवारी रात्री व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, चार बिऱ्हाडांनी मिळून वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत जागायचे, हा तेव्हाचा रिवाज. पुढे स्वतःचे यंत्र घेण्याची ऐपत आली, तेव्हा लोक तीन प्रश्न विचारत. कॅसेटी भाड्याने देणाऱ्याकडे कोणती कॅसेट मिळते? शेजाऱ्यांकडे कोणते यंत्र आहे? आणि बिघडले तर बाजारातला मेकॅनिक ते उघडेल का? चित्र किती सुस्पष्ट, हा चौथा प्रश्न. तो बहुधा विचारलाच जात नसे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर व्हीएचएस हेच येई, आणि विषय संपे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. तिचे चित्र डीव्हीडीपुढे फिके, जेमतेम व्हीएचएसच्या तोडीचे. पण तबकडी स्वस्त, यंत्र स्वस्त आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेली तबकडी हमखास चालणारी. पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी झुंजत होत्या, तेव्हा या वसाहतीत व्हीसीडी आणि डीव्हीडी सुखाने नांदत होत्या. माझ्या ओळखीतले कोणीही त्या युद्धात उतरले नाही. घासाघीस करण्यात मुरलेल्या या ग्राहकाला थांबणे हाही एक निर्णय असतो, हे कोणी शिकवावे लागले नाही.

मात्र याच घरांतल्या ट्रंकांमध्ये दोन प्रकारच्या कॅसेटी असत. एक चित्रपटांच्या, त्या खराब झाल्या तरी चित्रपट पुन्हा कोठे ना कोठे मिळतो. दुसऱ्या बारशाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या, वसाहतीतल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात हौसेने बसवलेल्या नाटकांच्या. त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरासह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली आणि जुनी क्वार्टरे रिकामी होऊ लागली. सामानाची बांधाबांध करताना अनेक परिचितांपुढे एकच पेच उभा राहिला. कॅसेट धडधाकट आहे, पण ती दाखवणारे यंत्र कोठून आणायचे? पुन्हा विकत मिळणारी वस्तू आणि पुन्हा कधीच न मिळणारी नोंद, हा भेद येथे कळीचा आहे. कुटुंबाच्या संग्रहात दुसऱ्या प्रकारचा वाटा थोडा असतो. शासनाच्या संग्रहात जवळजवळ सर्व काही दुसऱ्याच प्रकारचे असते.

आणि शासनाला सरोजिनी नगरातल्या गृहस्थाप्रमाणे थांबून पाहण्याची मुभा नसते. जमिनीची मोजणी, रुग्णालयातील तपासण्या, सभागृहांचे कामकाज, पोलिसांचे पंचनामे हे आज ना उद्या कोठे तरी नोंदवावेच लागते. जी यंत्रणा हाती असेल तिच्यावर ते नोंदवले जाते. सेवाकाळात मी अशा कित्येक नस्त्या हाताळल्या, ज्यांत निविदेच्या जाडजूड कागदांबरोबर एक सीडी लिफाफ्यात घालून फितीने बांधलेली असे आणि टिपणीत ‘सीडी सोबत जोडली आहे’ अशी नोंद असे. काही वर्षांनी ती नस्ती पुन्हा टेबलावर आली की कागद वाचता येत. सीडी वाचण्याची सोय असलेला संगणक मात्र त्या मजल्यावर नसे. नव्या संगणकांतून तबकडीचा खणच नाहीसा झाला होता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर यातली विसंगती गंभीर आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकावर अथवा अन्य उपकरणावर तयार झालेल्या सामग्रीलाही सार्वजनिक अभिलेख मानले आहे. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये आपला स्वतंत्र अभिलेख कायदा केला. केंद्रीय अधिनियमानुसार अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने नस्ती जाळली, तर तो गुन्हेगार. पण त्याच नस्तीतली तबकडी वाचणारे यंत्र कालबाह्य झाले, ती दुसरीकडे उतरवून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही आणि मजकूर कायमचा हरपला, तर दोषी कोणीच नाही. परिणाम दोन्हींचा सारखाच. नागरिकाला आपला पुरावा मिळत नाही.

हा पुरावा किती मोलाचा असतो, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने दाखवून दिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यानंतर स्वीकारला गेला, असा पराभूत उमेदवाराचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत त्या दिवशी चित्रीकरण झाले होते आणि ते न्यायालयापुढे आले ते व्हीसीडीच्या रूपात. त्या तबकड्यांसाठी आवश्यक असलेले प्रमाणपत्र संबंधित यंत्रणेकडून वारंवार मागूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ या नावाने आज देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होणारा निकाल १४ जुलै २०२० रोजी लागला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे त्यात ठरले. त्याहून कमी उद्धृत होणारा त्यातला एक भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. असा पुरावा खटले आणि अपिले चालू असेपर्यंत कसा जतन करावा, याचे नियम तयार व्हावेत, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे.

त्यानंतर या प्रश्नाची व्याप्ती कैक पटींनी वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे बंधनकारक आहे. सुधारणा स्वागतार्ह आहे. खोट्या पंचनाम्यांना तिने आळा बसू शकेल. पण आपल्याकडे फौजदारी अपील वीस-पंचवीस वर्षे रेंगाळणे ही नवलाची गोष्ट नाही. २०२५ मध्ये मोबाइलवर केलेले चित्रण २०४५ मध्ये न्यायमूर्तींसमोर उघडणार आहे का? त्यावर एखाद्याची सुटका अथवा जन्मठेप अवलंबून असेल. जिंकलेल्या ब्लू-रेच्या वाट्याला आलेली वर्षे याहून कमी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी दोन दाखले आठवतात. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीला, म्हणजे ‘डूम्सडे बुक’ला, ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये तशीच एक नवी पाहणी केली. लाखो नागरिकांनी तीत भाग घेतला आणि सारे साहित्य लेसर तबकड्यांवर साठवले गेले. दीड दशकात ती तबकडी वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र खटाटोप करावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र तेव्हाही वाचता येत होते.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद मोडीत आहेत. विसाव्या शतकात मोडी शाळांतून गेली, छापखान्यांनी बाळबोध स्वीकारली आणि दोन पिढ्यांत मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. हाही एक फॉरमॅट मावळल्याचाच प्रकार होता. पण कागद टिकला होता आणि तो वाचायला माणसाच्या डोळ्यांखेरीज यंत्र लागत नव्हते. म्हणून राजवाड्यांना ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढता आली, आणि रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध होऊ शकले. आजही काही महिने परिश्रम केले की नवा अभ्यासक मोडी वाचू लागतो. लेसर, संकेतप्रणाली आणि यंत्र या तिन्ही गोष्टी लुप्त झालेली तबकडी वाचायला असा कोणताही वर्ग उघडता येणार नाही.

मग सरकारने एकच फॉरमॅट निवडून तो सर्वांवर लादावा काय? इतिहास येथेही सावध करतो. लॉर्ड डलहौसीच्या काळात भारतीय रेल्वेसाठी साडेपाच फुटांचा रुंदमार्ग ठरला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्चाची बचत म्हणून मीटरगेज स्वीकारला. बचत पहिल्या अंदाजपत्रकात झाली, भुर्दंड पुढची शंभर वर्षे सोसावा लागला. १९०० मध्ये सुरू झालेल्या मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्गामुळे मराठवाड्याचा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. रुंदीकरण ही मराठवाड्याची कित्येक वर्षांची मागणी होती आणि ती नव्वदच्या दशकात, १९९२ च्या एकसमान मार्गाच्या धोरणानंतर, पुरी होऊ लागली. चुकीच्या जागी केलेली काटकसर किती पिढ्यांना पुरते, याचा हा धडा आहे. सरकारी निवड म्हणजे योग्य निवड, असे मानण्याचे कारण नाही.

केवळ कारखाने काढूनही प्रश्न सुटत नाही, हे दिल्लीच्याच परिसरात दिसले. १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर ही कंपनी फ्लॉपींनंतर १९९९ मध्ये तबकड्यांकडे वळली, आणि ग्रेटर नोएडातील कारखान्यांच्या बळावर जगातील अग्रगण्य तबकडी उत्पादकांत जाऊन बसली. तिने चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी तीस रुपयांच्या आसपास विकून चोरट्या प्रतींच्या बाजाराला शह देण्याचा प्रयत्न केला. २००७ मध्ये फिलिप्सची नेदरलँड्समधील तबकडी-संशोधन कंपनीही तिने विकत घेतली. म्हणजे नव्या युगाची तयारी होती. पण लोकांनी तबकडीकडेच पाठ फिरवली. कर्ज वाढत गेले, २०१७ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले आणि २०१८ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. या अपयशाला अनेक कारणे आहेत. तथापि एक गोष्ट उघड आहे. तबकडी कोणी घडवली यापेक्षा तिचे मानक कोणी लिहिले, याला जास्त वजन असते. स्वामित्वशुल्क मानक लिहिणाऱ्याकडे जाते, आणि तंत्र बदलले की अडगळ घडवणाऱ्याकडे राहते.

तेव्हा शासनाने विजेता निवडू नये. मैदानाच्या अटी ठरवाव्यात. ही गोष्ट आपण एकदा केलेली आहे. ब्लू-रेचा विजय टोकियोत जाहीर होत होता, त्याच सुमारास दिल्लीत भारतीय मानक ब्यूरोच्या समितीपुढे संगणकीय दस्तऐवजाच्या फॉरमॅटचा प्रश्न होता. मायक्रोसॉफ्टने पुढे केलेल्या फॉरमॅटला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता द्यावी का, या प्रश्नावर भारताने सप्टेंबर २००७ मध्ये विरोधी मत दिले आणि मार्च २००८ मध्येही ते बदलले नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे तो फॉरमॅट मंजूर केला, त्याविरुद्ध भारतासह चार देशांनी केलेले अपीलही फेटाळले गेले. पण त्या वादातून येथे विचार पक्का झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. ज्या मानकाचा तपशील सर्वांना उपलब्ध आहे आणि ज्यावर स्वामित्वशुल्क लागत नाही, त्याला शासनव्यवहारात प्राधान्य, असा त्याचा गाभा आहे.

मराठी वाचकाला याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसावी. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक छापखान्याचा आणि प्रत्येक कचेरीचा फाँट वेगळा असे. श्रीलिपीत टंकलेले पत्र कृतिदेवच्या संगणकावर उघडले की त्याची खिचडी दिसे. तेव्हाचे कितीतरी शासननिर्णय, पुस्तकांच्या संहिता आणि प्रबंध आज जुन्या फाँटांच्या कृपेवर आहेत. युनिकोडने ही यातायात संपवली, कारण ते कोणा एका विक्रेत्याच्या मर्जीवर चालत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आता तबकड्या इतिहासजमा झाल्या, सारे ‘क्लाउड’वर आहे, मग ही चिंता कशाला? नेटफ्लिक्सने पंचवीस वर्षे चालवलेली डीव्हीडी टपालाने पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, हे खरे. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला दुसऱ्याचा संगणक. तेथे यंत्र कालबाह्य होण्याऐवजी करार कालबाह्य होतो. तबकडी निदान आपल्या कपाटात असे. करार संपल्यावर मजकूर कोणत्या रूपात आणि किती दिवसांत परत मिळणार, हे निविदेत लिहिले नसेल, तर शासन आपल्याच अभिलेखांचे भाडेकरू ठरते.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. पुढील चार गोष्टी सध्याच्या चौकटीतही करता येतील.

पहिली, ध्वनिचित्र अथवा माहिती साठवण्याच्या प्रत्येक शासकीय खरेदीत ठरावीक मुदतीने मजकूर नव्या माध्यमावर उतरवण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा, आणि खुल्या मानकाच्या रूपात मजकूर परत करण्याची अट विक्रेत्यावर घालावी. ‘सर्वांत कमी दर’ ठरवताना हा खर्च वगळणे म्हणजे मीटरगेजच्या हिशेबाची पुनरावृत्ती होय.

दुसरी, अभिलेखांच्या नियमांत ‘वाचता न येणे’ हे ‘नष्ट होणे’ याच्या बरोबरीचे मानावे. अभिलेख अधिकाऱ्याने दर पाच वर्षांनी नमुन्यादाखल अभिलेख प्रत्यक्ष उघडून पाहावेत आणि त्याचा अहवाल द्यावा. कपाटाला कुलूप आहे एवढे प्रमाणपत्र पुरेसे नाही.

तिसरी न्यायालयीन पुराव्याची. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात मजकुराचे ‘हॅश’, म्हणजे अंकीय ठसा, नोंदवावा लागतो. मजकूर जसाच्या तसा नव्या माध्यमावर उतरवला तर ठसा बदलत नाही. पण कालबाह्य फॉरमॅटमधून नव्या फॉरमॅटमध्ये रूपांतर केले, तर ठसा बदलतोच. म्हणजे जो पुरावा वाचवायला जावे, त्याचीच ओळख पुसली जाण्याचा धोका. म्हणून मूळ मजकूर आणि रूपांतरित प्रत दोन्ही ठेवण्याची आणि प्रत्येक रूपांतराचे साखळीने प्रमाणपत्र देण्याची पद्धत उच्च न्यायालयांच्या नियमांत यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या नियमांचा हा भाग व्हायला हवा.

चौथी चित्रपटांची. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. चित्रपटांसाठी तसा कायदा नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट हातचा गेला होता. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो थोडा भाग उरला, तो आज पाहता येतो याचे एक कारण असे, की ३५ मिलिमीटरची फिल्म हे जगाने फार लवकर एकमताने स्वीकारलेले मानक होते. आजचे बरेचसे चित्रपट तर फिल्मवर नाहीतच. त्यांची खुल्या मानकातली एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची सक्ती आताच केली नाही, तर पुढच्या पिढीला या काळातली ‘आलम आरा’ शोधत बसावे लागेल.

या सर्वांना पैसा लागेल, आणि तो देताना वित्त विभाग नाक मुरडेल, हे मी अनुभवाने जाणतो. जतनाच्या खर्चाचे उद्घाटन करता येत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. पण झडतीचे चित्रण मागणारा आरोपी, मोजणीचा नकाशा मागणारा शेतकरी आणि निवडणूक कचेरीतले चित्रण मागणारा उमेदवार यांना ‘यंत्र उपलब्ध नाही’ हे उत्तर देण्याचा अधिकार शासनाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. दंडाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत १ जुलै २०२४ पासूनची चित्रणे दररोज जमा होत आहेत. ती कोणत्या फॉरमॅटमध्ये आहेत, कशावर आहेत आणि पुढच्या पाच वर्षांत ती कोण उघडून पाहणार आहे, हे तीन प्रश्न विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने विचारले, तरी सुरुवात होईल.

(लेखक केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले असून दिल्लीत राहतात.)